मोतिया की हस्तिदंती?



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४१.

या श्लोकात भगवंत अर्जुनाला दोन प्रकारच्या बुद्धींबद्दल सांगतात. एक व्यवसायात्मिका, म्हणजे निश्चय केलेली बुद्धी. ती एकच असते. दुसरी निश्चय न केलेल्यांची. तिला फांद्या फुटतात, फांद्यांना पुन्हा फांद्या फुटतात आणि त्यांना अंतच नसतो. कुरुक्षेत्रावर सांगितलेली ही गोष्ट आज आपण फार छोट्या जागी तपासून बघणार आहोत: घरातल्या एका खोलीच्या भिंतीवर.

हसू नका! प्रश्न असा आहे. खोली रंगवायची आहे आणि शेड कार्डावरचे सगळे रंग बाद होत होत शेवटी दोनच उरलेत. एक मोतिया, एक हस्तिदंती. दोन्ही ऑफ-व्हाइट. दोन्ही शांत, दोन्ही छान. शेजारी धरले तर फरक जाणवतो आणि वेगवेगळे बघितले तर कुठला कुठला ते ओळखू येत नाही. तरीही माणसं इथे आठवडेच्या आठवडे अडकतात. रात्री अकराला मोबाइलवर फोटो झूम करून बघतात, मित्रांच्या ग्रुपवर मतं मागवतात. दहा जणांची मतं येतात, पाच इकडे आणि पाच तिकडे.

यात चिंतन करण्यासारखं काय, असं कुणाला वाटेल. मला वाटतं, बरंच आहे. मोठ्या निर्णयात भीती, पैसा, नाती, समाज असं इतकं काही मिसळलेलं असतं की मन नेमकं कुठे अडखळतंय ते कळत नाही. रंगाच्या निर्णयात त्यातलं जवळजवळ काहीच नाही. मन एकटंच उघडं पडलेलं असतं. म्हणून ते बघायला सोपं.

फरक कमी, तर गोंधळ जास्त का?

आपल्याला वाटतं, दोन गोष्टींत फरक जितका मोठा तितका निर्णय अवघड. प्रत्यक्षात बरेचदा उलटं होतं. गडद जांभळा की पांढरा, हे बहुतेक जण एका मिनिटात सांगतील. मोतिया की हस्तिदंती, इथे गाडं अडतं. कारण साधं आहे: बुद्धी कारणांवर चालते आणि इथे कारणं संपलेली असतात. याच्या बाजूने जितकं बोलता येतं तितकंच त्याच्याही बाजूने. तराजूचं पारडं हलतच नाही.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात यावर एका गाढवाची गोष्ट सांगतात. समान अंतरावर ठेवलेल्या अगदी सारख्या दोन गवताच्या पेंढ्यांमध्ये उभं असलेलं हे गाढव. आधी कुठल्या पेंढीकडे जायचं याला कारणच सापडत नाही, म्हणून ते उपाशी मरतं. १४ व्या शतकातल्या जाँ ब्यूरिदाँ या फ्रेंच तत्त्ववेत्त्याच्या नावावर ही गोष्ट चालते, पण त्याच्या ग्रंथांत ती सापडत नाही. ते काही असो, खरं गाढव असं उपाशी मरत नाही. ते कुठल्यातरी पेंढीत तोंड घालतं आणि मोकळं होतं. अडकतो तो माणूस. कारण माणसाला नुसतं निवडून चालत नाही, त्याला 'बरोबर' निवडायचं असतं. आणि जिथे दोन्ही बरोबर आहेत, तिथे 'जास्त बरोबर' शोधत तो बसतो.

१९७७ साली एडना उल्मन-मार्गालित आणि सिडनी मॉर्गेनबेसर या दोन तत्त्वज्ञांनी एका निबंधात एक कामाचा भेद मांडला. एक असतं निवडणं, जिथे कारण असतं. दुसरं असतं नुसतं उचलणं, जिथे कारण नसतं आणि लागतही नाही. दुकानात एकाच साबणाच्या पन्नास वड्या रचलेल्या असतात. आपण त्यातली एक उचलतो. ती का आणि शेजारची का नाही, असं कुणी विचारत नाही आणि आपणही स्वतःला विचारत नाही. आपली अडचण एवढीच की उचलण्याच्या जागी आपण निवडायला बसतो. मग कारण नसेल तर मन कारण तयार करतं. 'मोतियात जरा पॉझिटिव्ह व्हाइब आहे.' दुसऱ्या दिवशी तेच वाक्य हस्तिदंतीबद्दल!

आधी डोळे उघडून बघा

पण थांबा. 'सगळं सारखंच आहे, काहीही उचला' असं लगेच म्हणून टाकणं हा आळससुद्धा असू शकतो. दोन गोष्टी खरंच सारख्या आहेत, की आपण नीट बघितलंच नाही? हे आधी तपासायला हवं. विवेकाचं पहिलं काम तेच आहे.

आणि रंगाच्या बाबतीत हे तपासता येतं. रंग डब्यात नसतो आणि कार्डावरही नसतो. तो उजेड, भिंत आणि डोळा या तिघांत मिळून घडतो. प्रत्येक ऑफ-व्हाइटच्या पोटात एक छटा दडलेली असते: कुणाच्या पिवळी, कुणाच्या गुलाबी, कुणाच्या हिरवट, कुणाच्या राखाडी. दोन इंचांच्या कार्डावर ती दिसत नाही. चार भिंतींवर चढली की एकमेकींवर उजेड फेकून त्या भिंतीच तिला उठाव देतात. खिडकीबाहेर झाड असेल तर त्याचा हिरवेपणा आत येतो. फरशी लालसर असेल तर भिंतीचा खालचा भाग तांबूस दिसतो. घरातला दिवा २७०० केल्विनचा पिवळसर असेल तर मोतियासुद्धा सायीसारखा दिसतो. तोच दिवा ६५०० केल्विनचा पांढराफटक असेल तर हस्तिदंतीसुद्धा फिका पडतो. दोन रंग दुकानातल्या दिव्याखाली अगदी एक दिसावेत आणि घरी आल्यावर वेगळे निघावेत, हेही घडतं. त्यात दुकानदाराची लबाडी नसते, उजेडाचा स्वभावच तसा आहे.

म्हणून जाणते रंगारी सांगतात की कार्डावरून ठरवू नका. नमुन्याचे छोटे डबे आणा. दोन फूट बाय दोन फुटांच्या दोन पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारा आणि पूर्ण वाळू द्या, कारण ओला इमल्शन वाळल्यावर थोडा गडद होतो. मग ते पुठ्ठे खोलीत वेगवेगळ्या भिंतींवर धरून सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघा. जुन्या रंगाच्या भिंतीवर थेट पट्टे मारले तर जुना रंग शेजारी राहून डोळ्याला फसवतो, म्हणून पुठ्ठा बरा.

हे सगळं एका दिवसाचं काम आहे. त्यातून फरक पडला तर प्रश्नच मिटला, कारण मिळालं. पण एवढं करूनही दोन्ही सारखेच छान वाटले, तर? खरा अभ्यास इथून सुरू होतो.

तांदूळ की जव?

अशा वेळी आपल्यातले काही जण कठोपनिषद आठवतात. यमराज नचिकेताला सांगतात की माणसासमोर श्रेय आणि प्रेय दोन्ही येतात. धीर पुरुष नीट पारखून श्रेय घेतो, मंद बुद्धीचा प्रेय घेतो. फार मोठा उपदेश आहे. पण मोतिया आणि हस्तिदंतीमध्ये श्रेय कुठलं? कुठलंच नाही! दोन्ही प्रेयच आहेत, तेही सारख्या वजनाचे. श्रेय-प्रेयाची फूटपट्टी इथे लावली तर आपण एका साध्या रंगावर उगाच आध्यात्मिक ओझं टाकतो. मग चुकीचा रंग लागला तर जणू पाप लागेल, अशी धास्ती बसते.

आपल्या परंपरेत याच प्रश्नावर विचार करणारं एक आख्खं शास्त्र आहे आणि ते आपल्या पिढीला फारसं माहीत नाही. पूर्वमीमांसा. यज्ञाची वाक्यं कशी लावायची याचा हा अभ्यास. दर्शपूर्णमास यज्ञात पुरोडाश करायचा असतो. एक वचन सांगतं तांदळाचा करा, दुसरं वचन सांगतं जवाचा करा. दोन्ही वेदवचनंच, दोन्हींचं बळ सारखं आणि दोन्हींचं काम एकच. मग करायचं काय? मीमांसकांचं उत्तर: विकल्प. तांदूळ घ्या किंवा जव घ्या, यज्ञ पूर्ण होतो. यजमानाने कुठलं धान्य घेतलं यावर फळ कमी-जास्त होत नाही.

पण मीमांसकांनी इथे तीन गोष्टी फार बारकाईने सांगितल्यात आणि त्या तिन्ही आपल्या कामाच्या आहेत.

पहिली म्हणजे विकल्प हा शेवटचा उपाय. मीमांसक विकल्पाला आठ दोष लावतात. कारण आज तांदूळ घेतला म्हणजे जवाच्या वचनाला आज बाजूला सारलं आणि उद्या जव घेतले की त्याच वचनाला परत उचलून धरलं. म्हणून दोन वचनांचा मेळ घालायची दुसरी कुठलीही वाट असेल तर आधी ती बघायची. याचा आपल्यासाठी अर्थ: 'काय फरक पडतो' हे वाक्य विचाराच्या शेवटी म्हणायचं असतं, सुरुवातीला नाही.

दुसरी म्हणजे विकल्प ठरला की मोकळीक खरी. तिथे अपराधीपणाला जागा नाही. शास्त्र स्वतःच म्हणतंय की दोन्ही चालतं, तर आपण शास्त्राहून कडक व्हायचं कारण काय?

तिसरी मला सगळ्यात आवडते. एकदा तांदळाने यज्ञ सुरू केला की तो तांदळाचा यज्ञ झाला. मध्येच तांदूळ खराब झाला, तर 'चला, जवाचाही पर्याय होताच की' असं म्हणून जवाकडे वळायचं नाही. तांदळासारखं दुसरं काही शोधायचं, म्हणजे नीवार, आपोआप उगवणारं रानभात. जैमिनींच्या मीमांसासूत्रांत सहाव्या अध्यायात ही प्रतिनिधी द्रव्याची चर्चा येते. विचार करा, जव शास्त्रात सांगितलेले आहेत आणि नीवार सांगितलेला नाही. तरीही नीवार घ्यायचा, कारण संकल्प तांदळाचा झालाय. सुरुवातीला दोन्ही समान होते. निवडीनंतर ते समान राहिले नाहीत. निवडण्याने निवडलेल्याला एक हक्क मिळाला.

म्हणजे कारण नेहमी निवडीच्या आधीच असतं असं नाही. काही वेळा ते निवडीनंतर जन्माला येतं. लग्नात, करिअरमध्ये, गुरूच्या बाबतीत, रोजच्या साधनेच्या बाबतीतसुद्धा हे खरं आहे. हरिपाठ म्हणू की विष्णुसहस्रनाम, या प्रश्नाचं उत्तर बाहेर कुठे लिहिलेलं नसतं. एक धरलं आणि सहा महिने सोडलं नाही की तेच आपलं होतं.

फांद्या कुठून फुटतात?

आता मूळ श्लोकाकडे येऊ. इथे एक शंका घ्यायलाच हवी. भगवंत तिथे कर्मयोगाबद्दल बोलताहेत. पुढच्याच तीन श्लोकांत स्वर्ग, भोग आणि ऐश्वर्य यांच्या मागे लागलेल्यांची बुद्धी समाधीत का स्थिर होत नाही, हे सांगितलंय. मग हा श्लोक 'पटकन निर्णय घ्या' असल्या मॅनेजमेंटच्या धड्यासाठी वापरणं बरोबर आहे का? नाही. पटापट ठरवणं म्हणजे व्यवसायात्मिका बुद्धी नव्हे. दुर्योधनही पटापट ठरवायचा.

पण त्या पुढच्या श्लोकांमुळेच एक गोष्ट उघड होते. बुद्धीला फांद्या फुटतात त्या फळांमुळे. जितकी फळं डोळ्यांसमोर, तितक्या फांद्या. आता रंग निवडणाऱ्या मनाकडे बघा. पाहुणे काय म्हणतील? फोटोत कसा दिसेल? उद्या फ्लॅट विकायचा झाला तर? मैत्रिणीच्या घरासारखा वाटणार नाही ना? आणि सगळ्यात मोठी फांदी: नंतर पस्तावा झाला तर? ही सगळी फळं आहेत आणि प्रत्येक फळ मनाला आपल्या दिशेला ओढतंय. रंग दोनच आहेत, ओढणारे मात्र पंधरा!

मग निश्चय म्हणजे काय? हेतू एक असणं. ही खोली कशासाठी आहे आणि कुणासाठी आहे, एवढा एक प्रश्न नीट विचारला की बाकीच्या फांद्या बऱ्याचशा आपोआप गळतात.

ओळखीतलं एक जोडपं आहे, चिंचवडला राहणारं. गावाहून वडील कायमचे राहायला येणार, म्हणून मागची खोली रंगवायला काढली. पुट्टी झाली, घासकाम झालं, प्रायमर झाला आणि रंगापाशी काम थांबलं. दोन ऑफ-व्हाइटमध्ये नवरा-बायकोचं एकमत होईना. बारा दिवस गेले. शेवटी मुलाने वडिलांना फोन केला आणि दोन्ही नमुन्यांचे फोटो पाठवले. "अण्णा, तुम्हाला कुठला आवडतो?"

अण्णा म्हणाले, "मला दोन्ही एकच दिसतात रे बाबा. रात्री उठल्यावर दाराची चौकट दिसली पाहिजे, बास."

त्या एका वाक्याने सगळा प्रश्न बदलला. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि आत पोचणारा उजेडही कमी होतो. तरुण डोळ्याला दिसणारा मोतिया-हस्तिदंतीतला फरक त्या डोळ्याला दिसतच नाही. त्या डोळ्याला काय दिसायला हवं? दार कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते, दिव्याचं बटण कुठे आहे, संडासाकडे वळायचं कुठे. रंगांची उजेड परतवण्याची क्षमता ० ते १०० अशा आकड्यांत मोजतात. नजर कमी असलेल्यांसाठी इमारती कशा असाव्यात याचे जे ब्रिटिश निकष आहेत, त्यांत भिंत आणि दार अशा शेजारच्या गोष्टींमध्ये साधारण ३० अंकांचा फरक ठेवायला सांगतात. दोन ऑफ-व्हाइटमध्ये असा फरक जेमतेम दोन-चार अंकांचा असतो. आणि या जोडप्याने ठरवलं काय होतं? दार, चौकट आणि भिंत, सगळं एकाच रंगात. कारण फोटोत तसं मोकळं मोकळं दिसतं!

मग चौकट गडद तपकिरी झाली. बटणांभोवती गडद पट्टी आली. चकाकणाऱ्या रंगावर दिव्याचा उजेड चमकून डोळ्यांना त्रास होतो, म्हणून भिंतीला मॅट घेतला. आणि मोतिया की हस्तिदंती? ते मुलाने जिन्यात उभ्या-उभ्या ठरवलं. कुठला ठरला ते मला ठाऊक नाही आणि त्याने काही बिघडतही नाही.

मला यात दिसतं ते हे. जिथे फरक नव्हता तिथे बारा दिवस खर्च झाले आणि जिथे फरक होता तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं. काळजी कमी नव्हती हो, काळजी भरपूर होती! ती चुकीच्या भिंतीपाशी उभी होती. बहुशाखा बुद्धीचं खरं नुकसान हेच. ती आपला वेळ खातेच, पण त्याहून वाईट म्हणजे ज्याच्यासाठी सगळं चाललंय तो माणूसच नजरेआड होतो.

आपल्या गोंधळाचं बिल कोण भरतो?

त्या बारा दिवसांची आणखी एक बाजू आहे. रंगारी. काम अंगावर घेतलेलं असेल तर प्रत्येक थांबलेला दिवस त्याच्याच खिशातून जातो. रोजावर असेल तर खाडा पडतो आणि त्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत. पुढचं काम ज्याला कबूल केलंय तोही खोळंबतो. आपण म्हणतो, "दादा, दोन दिवस थांबा, आमचं अजून ठरत नाहीये." आपल्यासाठी ते दोन दिवस म्हणजे विचार, त्यांच्यासाठी ते घरखर्च.

निर्णय लांबवणं म्हणजे काहीच न करणं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. तेही कर्मच आहे आणि त्याचं फळ कुणाला तरी मिळतंच, बरेचदा आपल्यापेक्षा कमी ताकदीच्या माणसाला. हॉटेलात वीस मिनिटं मेन्यू चाळताना शेजारी उभा असलेला वेटर, शेवटच्या क्षणी डिझाइन बदलल्यावर रात्रभर बसणारा ज्युनिअर, 'बघू' म्हणून लटकत ठेवलेलं स्थळ. चिकित्सा चांगलीच आहे. पण तिचा खर्च दुसऱ्याच्या खात्यातून होत असेल, तर ती सात्त्विक म्हणायची का? याचं उत्तर ज्याने त्याने द्यावं.

देवालाच विचारलं तर?

भक्तांच्या मनात हा प्रश्न येतोच. कोकणात आणि गोव्यात कौल लावायची पद्धत आहे. देवाच्या मूर्तीला पाण्याने पाकळ्या किंवा कळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि कुठली आधी पडते ते बघतात. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार, असा साधारण संकेत. कुणी देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकतं आणि लहान मुलाला एक उचलायला सांगतं.

मला वाटतं, दोन गोष्टी खरंच समान असतील तर चिठ्ठी टाकण्यात काही वावगं नाही. आपण मघाशी म्हटलं तसं ते उचलणंच आहे, फक्त देवाच्या साक्षीने. त्याने मन शांत होतं आणि 'माझंच चुकलं' हा अहंकारही जरा सैल पडतो. हो, पस्ताव्यातसुद्धा अहंकार असतो! चिठ्ठी उघडल्यावर मन खट्टू झालं की लोक म्हणतात, 'बघ, म्हणजे तुला आतून दुसराच हवा होता.' दर वेळी ते खरं नसतं. हातातून निसटलेली गोष्ट मनाला नेहमीच थोडी जास्त गोड वाटते. दुसरी चिठ्ठी निघाली असती तर पहिली गोड वाटली असती.

पण दोन गोष्टी समान नसतील, आपल्याला कारणं दिसत असतील आणि तरी ती नकोशी आहेत म्हणून आपण देवावर ढकलत असू, तर ते समर्पण नव्हे. चौकट गडद करायची की नाही, हे चिठ्ठीवर सोडायचं नसतं. तिथे अण्णांचे डोळे आधीच उत्तर देताहेत.

आणि भगवंतांची स्वतःची पद्धत बघा. दुसऱ्या अध्यायात अर्जुन म्हणतो, मला काही सुचत नाही, मी शिष्य आहे, काय ते निश्चित सांगा. तिसऱ्या अध्यायात म्हणतो, एक काय ते ठरवून सांगा. पाचव्यात पुन्हा तेच! इतक्यांदा विचारल्यावर, सातशे श्लोकांच्या गीतेत अगदी शेवटाकडे, अठराव्या अध्यायाच्या ६३ व्या श्लोकात भगवंत काय म्हणतात? मी सांगायचं ते सांगितलं, आता यावर पूर्ण विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. ज्याला सगळं ठाऊक आहे तोसुद्धा निवड अर्जुनाच्याच हातात ठेवतो. लगेच पुढे शरण ये असंही म्हणतो, पण अर्जुनाचा हात धरून बाण सोडत नाही. आपल्या हातातला ब्रशही तो धरणार नाही, मंडळी.

समत्व म्हणजे रंगांधळेपणा नाही

शेवटची एक शंका. सहाव्या अध्यायात योग्याला माती, दगड आणि सोनं सारखं असतं असं म्हटलंय. मग रंगाचा इतका विचार करणं हेच मुळात चुकीचं नाही का? खऱ्या भक्ताला मोतिया काय आणि हस्तिदंती काय!

इथे गोरोबाकाकांची कथा आठवा. संतमंडळी जमली होती आणि मुक्ताबाईने गोरा कुंभारांना विचारलं, यातली कुठली मडकी पक्की आणि कुठली कच्ची? काकांनी थापटी घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारायला सुरुवात केली. नामदेव महाराज चिडले आणि त्यांचं मडकं कच्चं निघालं. कथेचा रोख गुरूकडे आहे, ते बरोबरच. पण मला त्यातला कुंभार फार आवडतो. विठ्ठलात रंगलेला हा माणूस 'सगळी मडकी सारखीच' असं म्हणत नाही. थापटीने वाजवून कच्चं-पक्कं ओळखणं हा त्याचा धंदा आहे आणि त्यात तो तयार आहे. समत्व म्हणजे फरक न दिसणं नव्हे. फरक नीट दिसावा, त्याला जेवढं द्यायचं तेवढंच मोल द्यावं आणि निकाल काहीही लागला तरी आतला तोल जाऊ नये, हे समत्व.

म्हणून रंग बघा. मनापासून बघा, सुंदर गोष्टीची आवड हा दोष नाही. एक दिवस पुठ्ठे घेऊन उजेडात फिरा. मग ठरवा. आणि एकदा पहिला हात भिंतीवर चढला की शेड कार्ड रद्दीत टाका. दुसऱ्या रंगाचा फोटो मोबाइलमधून काढून टाका. तांदळाने सुरू केलेला यज्ञ तांदळानेच पुरा होऊ द्या. सहा महिन्यांनी त्या भिंतीवर कॅलेंडर लागेल, खिळ्याचं एखादं भोक पडेल, कुणाचं डोकं टेकून टेकून एक डाग पडेल. तेव्हा ती मोतिया किंवा हस्तिदंती राहणार नाही. ती आपल्या घराची भिंत असेल.

आजचा सराव

आज एक छोटा, अडकलेला निर्णय शोधा. कपड्याचा, फोनचा, क्लासच्या वेळेचा, कुठलाही. त्याला तीन प्रश्न विचारा:

१. फरक खरा आहे का? तपासता येत असेल तर आज तपासा, उद्यावर टाकू नका.

२. हे कुणासाठी आहे? त्या माणसाला आपण विचारलंय का?

३. माझ्या थांबण्याचा खर्च कोण सोसतंय?

एवढं करूनही दोन्ही बाजू सारख्याच वाटल्या, तर झोपायच्या आधी पांडुरंगाचं नाव घेऊन एक उचला आणि दुसऱ्याला मनापासून नमस्कार करून निरोप द्या.

उद्या याच अध्यायातला ४८ वा श्लोक घेऊ: समत्वालाच योग का म्हटलंय?

राम कृष्ण हरी!